तुमी ठरवा, मी येतो

गोव्याला जायचं की पचमढीला, यावर आमचा सहा जणांचा गट साडेचार महिने भांडला. सहाही जण उमरेडचे आणि एकाच शाळेतले. एक आता पुण्यात, एक हैदराबादेत. एकाचं इथेच मोबाईलचं दुकान आहे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे, एक खाणीतल्या ठेकेदाराकडे टिपर चालवतो आणि मी तासिका तत्त्वावर कॉलेजात मराठी शिकवतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रोज रात्री दहानंतर युद्ध पेटायचं. पुणेकर गोव्याच्या हॉटेलांच्या लिंका टाकायचा. दुकानदार म्हणायचा, ‘अबे डिसेंबरात गोवा काऊन? माणसाले माणूस लागते तिथं.’ गुरुजींना शाळेची सुट्टी आडवी यायची. हैदराबादवाला तीन दिवस गप्प राहून चौथ्या दिवशी एकदम ‘थायलंड?’ असा एकच शब्द टाकायचा. टिपरवाला मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वाक्य लिहीत राहिला, ‘तुमी ठरवा, मी येतो.’

हे वाक्य मी तेव्हा समजूतदारपणाचं समजलो. या लेखाचा विषय ते वाक्यच आहे. पण मी शिकवतो साहित्य, म्हणून तिथे साहित्याच्याच रस्त्याने जातो.

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मी गेली काही वर्षं शिकवतो आहे. विद्यार्थ्यांना स्वतःच्या एखाद्या सहलीवर लिहायला सांगितलं की तीस वह्यांपैकी सत्तावीस वह्यांत पहिलं वाक्य जवळपास सारखंच निघतं : आम्ही सकाळी अमुक वाजता निघालो. गाडी सुटते तिथून लेखन सुरू होतं. त्यांचं तरी काय चुकलं? आमचं बहुतेक प्रवासवर्णन तसंच आहे. जागा कोणी निवडली, दुसरी कोणती जागा हरली, कोण नाराज होऊन आला, कोण आलाच नाही, यातलं काही पानावर येत नाही. मराठीतला नामवंत प्रवासी बहुधा एकटा असतो, नाहीतर जोडप्याने असतो. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या गो. नी. दांडेकरांच्या नर्मदेकाठच्या पुस्तकाच्या नावातच तो ‘कुणी एक’ आहे. मीना प्रभू बऱ्याचदा एकट्याच फिरल्या. चीनवरचं ‘चिनी माती’ त्यांचंच. पु. लं.च्या ‘अपूर्वाई’त निघण्यापूर्वीची तयारी आणि सल्ले देणारी माणसं येतात, पण ती विनोदासाठी येतात. त्यांच्यापैकी कोणी बरोबर यायचं नसतं. ज्याच्याबरोबर खोली वाटून घ्यायची आहे, ज्याच्या उशिरामुळे आपली गाडी चुकणार आहे, त्याच्याशी झालेला वाद वेगळा असतो. तो लिहिला गेलेला फारसा आढळत नाही.

मला आठवणारा एक ठळक अपवाद फार जुना आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’, १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापून प्रसिद्ध केलेला. आपण हे पुस्तक १८५७ च्या बंडासाठी वाचतो, झाशीसाठी वाचतो. पण त्याची सुरुवात पाहा. वरसईचा तिशीतला भिक्षुक, घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा वाटणार, अशी बातमी येते. त्याला जायचं आहे. घरातल्यांना ते नको आहे. उत्तरेत लोक भांग पितात, तिकडच्या बायका माणसाला भुरळ पाडतात, अशा अर्थाची धास्ती वडिलांना वाटते. (उमरेडच्या आयांना गोव्याबद्दल जे वाटतं त्यात आणि यात दीडशे वर्षांत एवढाच फरक पडला की भांगेची जागा दुसऱ्या पेयाने घेतली.) शेवटी रामभटकाका बरोबर निघतात, म्हणून परवानगी मिळते. पुढे महूच्या वाटेवर बंडाची कुणकुण लागते आणि पुढे जावं की मागे फिरावं हा प्रश्न उभा राहतो.

या काही पानांत सगळं उघड आहे. पैसा का हवा, जायला किती लागतील, कोणाची परवानगी लागते, ती कोणत्या अटीवर मिळते. विष्णुभटांना हे सांगायची लाज वाटत नाही. ‘मला जग पाहायचं होतं’ असलं काही ते म्हणत नाहीत. कर्ज होतं, दक्षिणा मिळणार होती, म्हणून निघालो. नंतरच्या शंभर वर्षांत प्रवास हा हौसेचा आणि संस्काराचा विषय होत गेला आणि ही पानं गळाली. हौस म्हटली की पैशाची गोष्ट काढणं कमीपणाचं होतं. पैशाची गोष्ट गेली की मतभेदाचं मूळही गेलं. मग उरतात त्या गमती : कोण घोरतो, कोणाला गाडी लागते.

जेरोमचं ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) इथे आठवावंच लागेल, कारण वाद हाच त्याच्या पहिल्या प्रकरणांचा मजकूर आहे. निवेदकाला शांत खेडं हवं, हॅरिसला ते नको. हॅरिसला समुद्रसफर हवी, ती निवेदकाला नको. मग जॉर्ज नदी सुचवतो आणि ती पसंत पडते. विरोध फक्त माँटमोरन्सी या कुत्र्याचा, तो तीन विरुद्ध एक असा फेटाळला जातो. तंबूत झोपायचं की खानावळीत, यावर तोडगा निघतो : आभाळ कोरडं असेल तर तंबू, पाऊस असेल तर खोली. मी हे वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मुलं खूप हसली. एका मुलीने विचारलं, ‘सर, पण हे पैशाचं काहीच बोलत नाहीत का?’ त्या तिघांच्या खिशात साधारण सारखंच असावं, म्हणून त्यांचं भांडण निव्वळ आवडीनिवडीचं राहू शकतं आणि म्हणून ते विनोदी होऊ शकतं. माझ्या डोक्यात हे आधी आलं नव्हतं. तिच्या प्रश्नानंतर आलं.

सिनेमांकडे वळतो, कारण आमच्या ग्रुपची कल्पनाशक्ती पुस्तकांनी नव्हे, सिनेमांनी घडवली आहे. झोया अख्तरचा ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ २०११ चा. आम्ही तेव्हा कॉलेजात. तीन मित्र, स्पेन, आणि एक नियम : प्रत्येकाने एक साहस निवडायचं आणि बाकीच्या दोघांनी ते निमूट करायचं. खोल पाण्यात बुडी, विमानातून उडी, बैलांपुढे धाव. मतभेद मिटवण्याची युक्ती म्हणून हा नियम खरोखर चांगला आहे. मतदानात बहुमतवाला दर वेळी जिंकतो आणि एकटा पडणारा दर वेळी एकटा पडतो. इथे प्रत्येकाची पाळी येते. ज्याला पाण्याची भीती आहे तो पाण्यात उतरतो, पण त्याला ठाऊक असतं की उद्या आपला दिवस आहे. मी हाच नियम आमच्या ग्रुपवर मांडला होता. दोन दिवस तो गाजलाही. पण चित्रपट या नियमाचा पाया दाखवत नाही. प्रत्येकाने काहीही निवडावं आणि ते बाकीच्यांना परवडावं, ही अट तिथे आपोआप पुरी झालेली आहे. अर्जुनला वेळ नसतो, एवढीच काय ती अडचण. अशी अडचण असणं हेच उमरेडमध्ये श्रीमंतीचं लक्षण समजतील.

कुणाल खेमूचा ‘मडगाव एक्सप्रेस’ (२०२४) त्या मानाने हलका, आचरट सिनेमा आहे. समीक्षकाने नाव घ्यावं असा नाही, तरी घेतो. शाळेपासून गोव्याचा बेत आखणारे तिघे. दोघे परदेशात जाऊन पैसेवाले झाले. तिसरा, डोडो, इथेच राहिला आणि खोटे फोटो तयार करून आपणही मजेत असल्याचं भासवत राहिला. शेवटी बेत ठरतो तेव्हा डोडो दोस्तांना रेल्वेने नेतो. लहानपणीच्या स्वप्नासारखं जाऊ, असं म्हणतो. खरं कारण खिशात आहे. ही पहिली वीस-पंचवीस मिनिटं मला चांगल्या मराठी कथेच्या तोडीची वाटतात. पैसे नाहीत असं सांगता येत नाही, म्हणून माणूस त्याला आवडीचं रूप देतो. मला डोंगर आवडतो, मला रेल्वे आवडते, मला गर्दी सोसत नाही. पुढे चित्रपटाला अमली पदार्थांच्या पिशव्या सापडतात, पळापळ सुरू होते आणि डोडोची लाज कुठेतरी बर्थखाली राहून जाते. दिग्दर्शकाच्या हातात एक खरी गोष्ट आली होती, ती त्याने फार लवकर सोडली.

‘झिम्मा’ची (२०२१, हेमंत ढोमे) गोष्ट वेगळी. तो मी माझ्या बायकोबरोबर नागपुरात पाहिला आणि परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, ‘यांचं बरं आहे, ठरवायला कंपनी आहे.’ वेगवेगळ्या वयांच्या, एकमेकींना अनोळखी बायका सहल कंपनीबरोबर इंग्लंडला जातात. निर्मिती सावंत यांच्या निर्मलाकाकू आणि सुहास जोशी यांच्या इंदू यांच्यासाठी प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, त्या रास्त होत्या. पण बायकोचं वाक्य मला चित्रपटावरच्या बहुतेक परीक्षणांपेक्षा नेमकं वाटतं. सहल कंपनीने कार्यक्रम आधीच छापलेला असतो. सकाळी कुठे, दुपारी कुठे, जेवायला काय. भांडायचं झालं तर कबीर नावाच्या कोवळ्या टूर लीडरशी भांडायचं, एकमेकींशी नाही. मराठी मध्यमवर्गाने मतभेदावर शोधलेला हा सर्वांत यशस्वी उपाय आहे : पैसे भरून तो दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणं. ‘झिम्मा’ त्याचा उत्सव करतो. त्या बायका घरून कशा निघाल्या, कोणाला काय सांगून निघाल्या, याचे तुकडे चित्रपटात आहेत आणि तेच त्याचे सर्वांत जिवंत भाग आहेत.

बायकोच्या मैत्रिणींचाही एक गट आहे. त्यांचा बेत एका दुपारी ठरतो. रामटेक, अदासा नाहीतर आंभोरा. सकाळी निघायचं, दिवेलागणीला घरी. मी तिला म्हटलं, तुमचं किती पटकन ठरतं, आमचं बघ. ती म्हणाली, ‘आमच्याकडे ठरवायला ठेवलंय काय? संध्याकाळच्या आत जिथून परत येता येते तीन जागा. त्यातली एक.’ यावर मी काही बोललो नाही.

आता चीन. मध्यंतरी तिकडच्या तरुण प्रवाशांबद्दल बरंच वाचलं. २०२३ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांत ‘विशेष सैनिकी’ सहलींची लाट आली होती : रात्रीच्या गाडीने जायचं, एक-दोन दिवसांत अख्खं शहर पायाखाली घालायचं, जमेल तेवढ्या कमी पैशांत, आणि सोमवारी वर्गात हजर. स्वभावाची चाचणी घेऊन आखीव बेत करणारे आणि ऐन वेळी ठरवणारे असे दोन कप्पे पाडण्याची पद्धत आहे आणि सहप्रवासी निवडताना लोक आधी ते विचारून घेतात. याहून मला लक्षणीय वाटला तो ‘दाझ’ हा शब्द. दाझ म्हणजे एका कामापुरता जोडीदार. जेवणाचा दाझ, व्यायामाचा दाझ, प्रवासाचा दाझ. तो मित्र असायची गरज नाही, नसलेलाच बरा. अनोळखी माणसाशी खर्च, झोपायची वेळ, पाहायच्या जागा हे सगळं आधीच स्वच्छ बोलता येतं. मित्राशी बोलता येत नाही. मैत्री वाचवायची तर मित्राबरोबर फिरू नये, असा हा हिशोब. मला तो आधी कोरडा वाटला. आता तसा वाटत नाही. तरी त्यात एक हरलेपण आहेच. शाळेपासूनच्या पोराला ‘तुझ्याकडे किती आहेत’ हे विचारता येत नाही आणि कालच ओळख झालेल्याला येतं.

त्यांच्याकडे याचं साहित्यही आपल्यापेक्षा सरस आहे, हे कबूल करायला हवं. ज्या ह्युएन त्संगला आपण पुलकेशीच्या धड्यात भेटतो, त्याच्या प्रवासावर रचलेल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकातल्या कादंबरीत झू बाज्ये हा वराहमुखी शिष्य संकट आलं रे आलं की म्हणतो, सामान वाटून घेऊ आणि आपापल्या घरी जाऊ. त्याला सासुरवाडीला परतायचं असतं. हे तो एकदा म्हणत नाही, पुन्हा पुन्हा म्हणतो. पवित्र ग्रंथ आणायला निघालेल्या जथ्यात एक जण सतत बेत मोडायला टपलेला, आणि तरी तो जथ्यात. त्याला कोणी काढून टाकत नाही.

पण माझ्या विषयाचं खरं पुस्तक छियान चोंगशू यांचं. कादंबरी १९४७ ची, इंग्रजीत ‘फोर्ट्रेस बिसीज्ड’ म्हणून मिळते. वेढलेला किल्ला. युद्धाच्या काळात शांघायहून आतल्या भागातल्या एका विद्यापीठाकडे पाच जण निघतात. फांग होंगज्येन, झाओ शिनमेइ, सुन रौज्या ही तरुण मुलगी आणि दोन थोराड गृहस्थ. त्यातले एक, ली मेइथिंग, भलीमोठी लोखंडी पेटी घेऊन निघालेत. पेटीत वर अभ्यासाची टिपणकार्डं, खाली औषधं. ती तिकडे चढ्या भावाने विकायची. वाटेत सुन आजारी पडते तेव्हा लींना प्रश्न पडतो तो असा की, औषधाचं पाकीट एकदा फोडलं तर उरलेलं विकायचं कसं? ते तिला दुसरंच काहीतरी देतात. पुढे पैसे संपतात. विद्यापीठाने पाठवलेली रक्कम बँकेत पडून आहे, पण जामीन हवा. पाचही जण अर्धपोटी. अशा वेळी ली गुपचूप भाजलेली रताळी विकत घेऊन एकटेच खातात आणि नेमके दिसतात.

त्या रताळ्यांवर मी अख्खा तास घेऊ शकतो. छियान लींना राक्षस करत नाहीत. उपरोध धारदार आहे, पण आपणही अशा वेळी रताळं लपवलं असतं ही शंका वाचणाऱ्याच्या मनात राहते. या प्रवासात झाओ म्हणतो की लग्नाआधी जोडप्याने महिनाभर एकत्र प्रवास करावा, म्हणजे माणूस कळतो. फांगला तो हेही सांगतो की तू त्रासदायक नाहीस, पण कसल्या उपयोगाचाही नाहीस. फांग हा तसा ‘तुम्ही ठरवा, मी येतो’ जातीचाच माणूस. फरक एवढा की त्याला ठरवता येत नाही म्हणून तो ठरवत नाही. आमच्या टिपरवाल्याला ठरवता येत होतं.

मराठीत या रताळ्याच्या जवळ जाणारं एकच पान मला माहीत आहे. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख. वारीची दिंडी, सगळे एकत्र चालतात, एकत्र अभंग म्हणतात आणि जेवायच्या वेळी ब्राह्मण वेगळे, मराठे वेगळे. बाईंना ते सलतं आणि तो सल त्या लपवत नाहीत. भक्तीने भरलेल्या लेखात मधोमध ही चूल पेटलेली राहते. आमच्या ग्रुपवर ‘प्युअर व्हेज हॉटेल पाहू’ असा मेसेज कोणी टाकला की मला हा लेख आठवतो. आम्ही चौघे मटण खाणारे आणि दोघे न खाणारे आहोत, आणि हा प्रश्न आम्ही कायम ‘चव’ या सदरात टाकून मोकळे होतो.

तर, आमचं काय झालं.

मतदान झालं. गोवा चार, पचमढी एक. टिपरवाल्याने मत दिलं नाही. पचमढीचं एक मत दुकानदाराचं होतं. मी बेताचा म्होरक्या. तिकिटं मी काढली, खोल्या मी ठरवल्या, माणशी साडेतीन हजार पहिला हप्ता मी गोळा केला. टिपरवाल्याने सर्वांत आधी पैसे पाठवले. निघायला चार दिवस असताना त्याचा मेसेज : ‘ड्युटी लागली. नाही जमत. तुमी जाऊन या.’ हैदराबादवाल्याने हसण्याचं चिन्ह टाकलं. मी चिडलो. मी लिहिलं की शब्द पाळायची लायकी नसेल तर माणसाने होकार देऊ नये. ‘लायकी’ हाच शब्द लिहिला. भाषा शिकवणारा माणूस आहे मी, शब्द चुकून पडला असं म्हणायची सोय नाही. तो काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. आम्ही पाच जण गोव्याला जाऊन आलो. फोटो चांगले आले.

फेब्रुवारीत तो भिवापूर रोडवरच्या टपरीवर भेटला. अंगावर कोळशाची धूळ, हातात चहा. मीच जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘तुमी साडेचार महिने विचारलं, कुठं जायचं. कितीत जायचं, हे कोणी विचारलं का बे?’ मग हळूहळू बाकीचं निघालं. साडेतीन हजार त्याने आईच्या बचत गटातून उचलले होते. टिपरची सुट्टी म्हणजे तेवढ्या दिवसांची रोजी बुडणार. दुसरा हप्ता पाच हजारांचा, तो कुठून आणायचा हे शेवटपर्यंत त्याला सुचलं नाही. मी म्हटलं, सांगायचं होतं. तो म्हणाला, ‘सांगितलं असतं तं तुमी वर्गणी केली असती. मंग चार दिवस मी तुमच्या पैशानं फिरलो असतो.’ पचमढीला मत का दिलं नाहीस, विचारलं. ‘मी पचमढी म्हटलं असतं तं सगळ्यांले समजलं असतं, काऊन म्हणतो ते.’

डोडोने रेल्वेची आवड सांगितली. आमच्या मित्राने तेवढंही सांगितलं नाही. मतदानात आवड मोजली जाते, ऐपत मोजली जात नाही, आणि ज्याची ऐपत कमी त्याला आवड सांगणंही धोक्याचं वाटतं, कारण आवडीतून ऐपत ओळखू येते. ‘तुमी ठरवा, मी येतो’ या वाक्यात मला होकार ऐकू आला होता. त्यात होकार नव्हता, नकारही नव्हता. आपल्याला कोणी विचारू नये याची ती तजवीज होती. या एका वाक्यावर कथा लिहिली जायला हवी होती. आमच्या प्रवासवर्णनांतून असा माणूस निघण्याच्या ठिकाणीच गळतो आणि पुढच्या पानांत त्याची जागा रिकामी आहे हेही लक्षात येत नाही.

पचमढीचं सांगायचं राहिलं. विदर्भातल्या माणसासाठी पचमढी थंड हवेचं ठिकाण नंतर, महादेवाचं आधी. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची वाट मोजके दिवस उघडते आणि इकडच्या गावागावांतून मंडळं निघतात. डोंगरात त्यांचे तंबू लागतात, भंडारे चालतात. टिपरवाल्याच्या मोहल्ल्यातही असं एक मंडळ आहे. तो दर वर्षी जातो, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही त्याला फिरायला न येणारा माणूस म्हणून ओळखत होतो. तिथे ठरवतं कोण, असं मी विचारलं. जुनी माणसं ठरवतात, म्हणाला. भांडणं होत नाहीत का? ‘होतात नं. मागच्या साली भाजीच्या आलूवरून झालं. पण पैसे आधी ठरते. पहिल्या बैठकीत. ज्याच्याजवळ नाही तो तांदूळ देते, नाही तं भांडे घासते.’ मी त्याला आदर्श वगैरे म्हणणार नाही. त्या मंडळात बायका फारशा नसतात आणि जुन्या माणसांनी ठरवलेलं तरुणांना कितीदा पटत नाही हेही त्यानेच सांगितलं. पण पैसे पहिल्या बैठकीत ठरतात, ही गोष्ट मी वहीत लिहून घेतली.

या वर्षी श्रावणात येतोस का, असं त्याने विचारलं आहे. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. त्याच सुमारास कॉलेजचे तास सुरू होतात आणि तासिकावाल्याची रजा म्हणजे त्याचीही रोजीच बुडते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. काल रात्री मेसेज टाकला, किती लागतील? त्याने एक आकडा पाठवला आणि खाली लिहिलं, चप्पल नको, बूट घालजो, पावसात दगड लय घसरते.